खडकाचं अपडेट: ताणलेलं टेक्स्चर एकदाचं बसलं

मंडळी, सेकंड लाइफ या ऑनलाइन थ्रीडी जगातल्या माझ्या वेड्यावाकड्या खडकाचं काम बरंच पुढे सरकलंय. हा खडक स्कल्प्टी आहे, म्हणजे जिचा आकार एका रंगीत चित्रावरून (मॅपवरून) ठरतो अशी जुन्या पद्धतीची वस्तू, आणि तिच्यावर चढवायचं दगडाचं चित्र म्हणजे टेक्स्चर. मेश (बाहेर थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवून थेट चढवलेलं मॉडेल) का नाही असं काहीजण विचारतील, तर मेश अपलोड २०११ मध्ये आलं, पण जुन्या स्कल्प्टी अजून ढिगाने आहेत आणि त्यांना नवं रूप द्यायला मला मनापासून आवडतं.

स्कल्प्टीची गंमत अशी की मॅपमधल्या पिक्सेलचा लाल-हिरवा-निळा रंग म्हणजे त्या बिंदूचा एक्स-वाय-झेड, आणि त्याच पिक्सेलची चित्रातली जागा म्हणजे यूव्ही, टेक्स्चरचा कोणता भाग त्या बिंदूवर पडणार त्याचा पत्ता. म्हणजे यूव्ही आपल्याला हलवता येतच नाही, बिंदू लांब गेले की टेक्स्चर ताणलं जातं आणि जवळ आले की गोळा होतं. म्हणून आधी रंगीत चौकटींचं ग्रिड लावून बघा, बाकी सगळं नंतर. माझ्या खडकाच्या पुढे आलेल्या नाकाडावर चौकोनांचे लांबच लांब पट्टे दिसत होते, खाचेत तेच चौकोन केसाएवढे बारीक, आणि वरच्या टोकाला, म्हणजे पोलला, तर नुसते त्रिकोण.

उपाय ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. इमेज टेक्स्चर नोडला फ्लॅटऐवजी बॉक्स प्रोजेक्शन, ब्लेंड ०.२ च्या आसपास, कोऑर्डिनेट ऑब्जेक्टचे, मग दगडाचं टेक्स्चर तिन्ही बाजूंनी सारखं पडतं आणि यूव्हीशी त्याचा संबंधच राहत नाही. हे सगळं सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) स्कल्प्टीच्याच यूव्हीवर बेक करायचं, म्हणजे दिसतंय ते एका सपाट चित्रात उतरवायचं, डिफ्यूजमध्ये फक्त कलर चालू, डायरेक्ट-इनडायरेक्ट बंद, म्हणजे उजेड-सावली न येता नुसता रंग येतो. बेक झालेली इमेज नुसती बघितली तर भयंकर वाकडी दिसते, घाबरू नका, खडकावर चढवली की भेगा अगदी सरळ येतात आणि डावी-उजवी कड जुळते तिथली शिवणही दिसत नाही. अँबियंट ऑक्लूजन (खाचाकोपऱ्यांतली सावली) वेगळा बेक करून रंगावर मल्टिप्लाय केला, खाचांना काय खोली आलीये!

पोलचं मात्र बेकनेही पूर्ण सुटत नाही, तिथे पिक्सेलची अख्खी ओळ एकाच बिंदूवर येते त्यामुळे बारीक रेघा राहतातच. म्हणून खालचा पोल जमिनीत गाडला आणि वरच्यावर शेवाळ, नॉर्मलचा (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे त्या दिशेचा) झेड घेऊन कलर रॅम्पने मास्क केला, म्हणजे वर तोंड असलेल्या भागांवरच हिरवं येतं. आता ओंडका घेतोय, तो सिलिंडर स्टिचिंगचा (फक्त डावी-उजवी कड जोडलेला) आहे, पोल नाहीत पण फांद्यांच्या खुंटांवर ताण भरपूर आहे. कोणी केलं असेल तर खुंटांजवळ बिंदू कसे वाटून दिले ते नक्की सांगा.