८०८५ (कॉलेजात शिकवतात तो इंटेलचा जुना प्रोसेसर) येतं, तेवढ्यावर कॅल्क्युलेटरची असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांत लिहिलेला प्रोग्रॅम, जमेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. भोसरीला आमच्या कंपनीत नवीन मुलं जॉइन झाली की कुणीतरी माझ्या टेबलावरचा टीआय-८३ प्लस (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर) उचलून बघतंच, आणि यावर असेंब्ली चालते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "ताई, आम्हाला कॉलेजात ८०८५ होतं, तेवढ्यावर जमेल का?"

जमेल. नक्की जमेल. आत झेड८० नावाचा प्रोसेसर आहे, ६ मेगाहर्ट्झचा, आणि झिलॉगने १९७६ मध्ये तो काढला तेव्हाच इंटेलच्या ८०८० चा कोड त्याच्यावर चालेल असा बनवला होता, ८०८५ पण त्या ८०८० च्याच घरातला, त्यामुळे नावं वेगळी पण बाइट तेच. कॉलेजच्या किटवर, म्हणजे सरावाच्या बोर्डवर, एमव्हीआय ए साठी (ए या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या आकडा ठेवायच्या जागेत, आकडा भरायची सूचना) ३ई दाबायचात ना (हे आकडे हेक्स, ९ नंतर ए ते एफ), इथे त्याला एलडी ए म्हणतात, बाइट ३ईच. रिटर्नचा सी९ पण तोच. फक्त रिम आणि सिम या ८०८५ च्या खास सूचना विसरा, त्यांचे २० आणि ३० हे कोड इथे जंपचे आहेत.

पण खरं शिकायचंय ते प्रोसेसर नाहीच, सिस्टीमची रुटीन्स, म्हणजे आत तयार असलेले छोटे प्रोग्रॅम. किटवर डिस्प्लेला आकडा दाखवायला आपण मॉनिटर प्रोग्रॅममधलं सबरुटीन कॉल करायचो, आठवतंय? इथे तेच, फक्त खजिना मोठा. पुटएस अक्षरं छापतं, डिस्पएचएल एचएल या रजिस्टरच्या जोडीतला आकडा छापतं, गेटकी बटण दाबेपर्यंत थांबतं. ती बोलवायला बीकॉल नावाचा मॅक्रो (काही बाइटांना दिलेलं एक सोपं नाव) आहे, आणि तो उघडून पाहिला तेव्हा मला खरंच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं, कारण आत ईएफ होता, म्हणजे आपला आरएसटी ५, ठरलेल्या पत्त्यावर नेणारा एका बाइटचा कॉल! त्याच्यामागे दोन बाइट, पुटएससाठी ०ए ४५, खालचा बाइट आधी, म्हणजे ४५०ए.

आता हे बघा. एक अक्षर छापणारं पुटसी ४५०४, डिस्पएचएल ४५०७, पुटएस ४५०ए. तीन-तीनचं अंतर. हे रुटीनचे पत्ते नाहीतच, एका तक्त्यातल्या ओळी आहेत, प्रत्येक ओळ तीन बाइटची, दोन बाइट खरा पत्ता आणि एक पानाचा नंबर. झेड८० ला एका वेळी ६४ केबीच दिसतात आणि सिस्टीम जिच्यात असते ती फ्लॅश मेमरी आहे ५१२ केबीची, म्हणून ती १६ केबीच्या पानांत कापलेली, आरएसटीच्या मागचे दोन बाइट वाचून सिस्टीम हवं ते पान समोर आणते, रुटीन चालवते आणि तुम्हाला परत आणून सोडते. सिस्टीमचं नवीन व्हर्जन आलं, रुटीन दुसऱ्या पानावर गेलं, तरी तुमचा ४५०ए तोच राहतो. मला हे फार सुंदर वाटतं, अजूनही.

एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा, कुठलं रुटीन कुठले रजिस्टर खराब करतं ते आधी बघायचं. मी एचएलमध्ये काउंटर ठेवला, डिस्पएचएलने छापला, एकने वाढवला, परत छापला, तर १ नंतर २ यायच्या ऐवजी भलतंच. दोन रात्री मी माझा लूप तपासत बसले. डिस्पएचएल आकडे सुटे करायला एचएललाच दहाने भागत जातं, मग एचएल राहणार कुठून? आधी पुश करून एचएल स्टॅकवर ठेवायचा, नंतर पॉप करून परत काढायचा, संपलं. मग एका ठिकाणी पॉप राहिला, रिटर्न पण स्टॅकवरूनच पत्ता घेतो, त्याने तो आकडाच पत्ता म्हणून उचलला, स्क्रीन गोठली, सेल काढून परत घातला तर समोर रॅम क्लिअर्ड. सगळं गेलं. तेव्हापासून सोर्स, म्हणजे लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, नेहमी कॉम्प्युटरवरच ठेवते.

घेताना जुना ८३ प्लस किंवा ८४ प्लसच बघा, ८४ प्लस सीई मॉडेलच्या नव्या सिस्टीममधून टीआयने २०२० मध्ये असेंब्लीची सोय काढून टाकली.

आणि तयार रुटीन कुठे संपतात तेही सांगते. पुटएसला मराठी येत नाही. मला स्क्रीनवर "पुणे" हवं होतं. स्क्रीन ९६ बाय ६४ ठिपक्यांची, एका ओळीला १२ बाइट, सगळी मिळून ७६८, ती मेमरीत ९३४० पासून भरायची आणि जीआरबफकॉपी या रुटीनला सांगायचं की दाखव. चौकटींच्या वहीत पेन्सिलने अक्षरं काढली, वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे आठ ओळींत मावेना, सोळा घेतल्या. २४ ठिपक्यांची शिरोरेघ म्हणजे तीन बाइट, एफएफ एफएफ एफएफ. वनाजला मेट्रोत बसल्यावर पहिल्यांदा चालवून बघितलं, पु चा उकार एक ठिपका डावीकडे गेला होता, तो घरी येऊन सरळ केला.