तुम्ही विचारलंत म्हणून: खिडक्या का बदलत नाही?

मंडळाच्या दिवाळीत, पुण्याच्या व्हिडिओ कॉलवर, बॉयलर तपासायला आलेल्या माणसाकडून, सगळ्यांकडून एकच प्रश्न येतो. घर एवढं गार आहे, मग जुन्या खिडक्या काढून दुहेरी काचेच्या का बसवत नाही?

आजवर मी कायद्याकडे बोट दाखवत आले. लंडनच्या इझलिंग्टन भागातलं आमचं घर 1820च्या दशकातलं, भिंतीला भिंत लावून बांधलेल्या ओळीतलं. ते जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत, ग्रेड टू म्हणून, आहे आणि परवानगीशिवाय अशी खिडकी बदलणं इथे गुन्हा ठरतो. एवढं सांगितलं की समोरचा गप्प होतो. पण खरं कारण ते नाही. कायदा उद्या उठला तरी मी त्या बदलणार नाही.

आणि घर घेतलं तेव्हा मीच नवऱ्याला म्हटलं होतं, "पहिल्या वर्षी या खिडक्या काढून टाकू."

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात पुढच्या खोलीची खिडकी दुरुस्तीला घेतली. वर-खाली सरकणारी, वर सहा तावदानं, खाली सहा. बाजूच्या पेटीत दोरीला लोखंडी वजनं टांगलेली असतात, त्यामुळे ती खरं तर एका हाताने उचलली जायला हवी. आमची रंगाच्या थरांनी घट्ट चिकटली होती. सुताराने बजावलं होतं, "काच धरून ठेवणारी लांबी, म्हणजे पुट्टी, आधी गरम करून मऊ होऊ द्या." सहा तास खपून माझी अकरा तावदानं निघाली होती. बाराव्याला धीर सुटला आणि मी थंड लांबीवरच पटाशी चालवली. टक् असा अगदी बारीक आवाज झाला. काचेत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ गेली.

तुकडा हातात घेतला तेव्हा तो किती पातळ आहे ते कळलं. काचेचा गोळा फुंकायचा, गरगर फिरवून त्याची तबकडी करायची आणि तिच्यातून तावदानं कापायची, अशी ही काच. काचेवर वजनाप्रमाणे कर होता, 1845 पर्यंत, म्हणून जाडी वाढवणं परवडत नसे. तावदानांमधल्या पट्ट्याही तेवढ्याच नाजूक. नेहमीच्या दुहेरी काचेचा भार त्यांना सोसत नाही. पट्ट्या जाड केल्या की दर्शनी भिंतीचा चेहराच बदलतो. आणि त्या दर्शनी भिंतीत खिडक्यांखेरीज आहे तरी काय? साध्या विटा.

तिथे आता नवी काच आहे. संध्याकाळी समोरच्या घराची धुराडी अकरा तावदानांतून किंचित वाकडी, थरथरती दिसतात. बाराव्यातून सरळ.

तुम्ही म्हणाल, हा अपराधीपणा आहे, जपणूक नव्हे. असेलही. मुलाच्या खोलीत मी आतून जादा काच बसवून घेतली आहे, म्हणजे माझाही हट्ट पुरता टिकलेला नाही. गेल्या डिसेंबरात आई आली होती. ती चारलाच भिंतीत दुमडलेल्या लाकडी झडपा ओढून घ्यायची, अंगावर दोन शाली. "काच राहील गं, पण तुझी पाठ?" म्हणाली. मी हीटर तिच्या पायाशी सरकवला.