लोकांच्या आजीचं फडताळ

"घर छान आहे गं, पण आपलं असं काहीच कसं नाही यात?" इंग्लंडमधल्या आमच्या घरी पुण्याहून येणारे हेच विचारतात, लंडनचे मराठी स्नेहीही हेच विचारतात. मावशी तर व्हिडिओ कॉलवर मला फोन भिंतीभिंतीवरून फिरवायला लावते आणि मग विचारते. भिंतीला विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज नक्षीकाराचा विलोच्या पानांचा कागद, खिडकीला फुलाफुलांचे पडदे, शेकोटीवरच्या फळीवर स्टॅफर्डशरच्या चिनीमातीच्या कुत्र्यांची जोडी, ओकचं ड्रेसर आणि त्यावर निळ्या-पांढऱ्या बशा. वारली चित्र नाही, पैठणीची फ्रेम नाही, पितळी हत्ती नाही. गणपती बसतो तो दीड दिवस. मामेभावानं तर सरळच टोमणा मारला, "१८१८ विसरलीस वाटतं?" आमचं गाव स्ट्राउडच्या खोऱ्यात आहे आणि इंग्रजी पलटणींच्या लाल कोटांचं कापड याच खोऱ्यात विणलं नि रंगवलं जायचं, हे मी त्याला सांगितलं नाही. आमची कॉटेजही मुळात विणकराचीच. तो पानावरून उठला असता.

पूर्वी माझं एक तयार उत्तर असायचं. म्हणायचे, ही फुलं इंग्रजांची आहेतच कुठे? मच्छलीपट्टणच्या बाजूचे कारागीर हातानं रंगवायचे ते कापड कंपनीच्या जहाजांतून इथे आलं आणि बायका त्यावर इतक्या लुब्ध झाल्या की इथल्या विणकरांचं पोट मारलं जायला लागलं. १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी भर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे असले कपडे फाडले. १७२१ मध्ये पार्लमेंटनं छापील सुती कापडावर बंदी घातली. नुसतं नेसायला नाही, पडद्या-पलंगपोसांनासुद्धा. ती उठली १७७४ मध्ये. निळ्या बशांवरचं विलोचं झाड आणि पूल म्हणजे इंग्रज कारखान्यांनी केलेली चिनी मालाची नक्कल. तेव्हा कसलं इंग्लिश नि कसलं काय!

यातलं सगळं खरं आहे. पण उत्तर म्हणून ते लबाडीचं आहे. मच्छलीपट्टणशी माझं काय नातं? पडदे घेतले तेव्हा माझ्या डोक्यात कोरोमंडल किनारा नव्हता, सेल होता.

मग मी दुसरं उत्तर द्यायला लागले: घरच सांगतं काय चालेल ते. हे जरा तरी टिकतं. भिंती दगडी, दोन-दोन फूट जाड. खिडक्या एवढ्याशा, छत इतकं खाली की उंच पाहुण्याला तुळई दाखवून ठेवावी लागते. घर जतन करायच्या जुन्या इमारतींच्या ग्रेड टू यादीतलं, म्हणजे १९९० च्या कायद्याप्रमाणे परवानगी न घेता त्याचं रूप बदललंत तर तो गुन्हा. आधीच्या मालकानं बैठकीच्या भिंतीला आतून सिमेंट फासून वर प्लास्टिकचा रंग दिला होता. ओल दगडात कोंडली आणि पोपडे सुटले. ते सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला. गवंडी चुन्यात जनावराचे केस मिसळत होता. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे गूळ, बेलाचा गर आणि ताग घालतात. त्यानं काम थांबवून गुळाचं प्रमाण विचारलं. मला सांगता आलं नाही.

पण कायदा पडद्यांबद्दल काही म्हणत नाही. बशांबद्दल नाही, कुत्र्यांबद्दल तर नाहीच. ते मी लिलावात हात वर करून घेतले.

तर खरं उत्तर आता सांगते, ते हे.

वाईला आमचा वाडा होता. दोन चौकी, कडीपाटाचा. आम्ही मात्र वाढलो सरकारी क्वार्टरांत, कारण बाबांची दर तीन-चार वर्षांनी बदली. भिंतीला खिळा मारायचा नाही, पिवळट रंग असेल तो गोड मानायचा. जुनं म्हणून जे काही होतं ते वाड्यावर, आजीच्या माजघरात. तिथे भिंतीत एक फडताळ होतं. सागवानी दारं, त्यांवर पोपटांची जोडी कोरलेली, एका पोपटाची चोच तुटलेली. त्यात लोणच्याच्या बरण्या आणि आजीची औषधं. आजी गेल्यावर चौघा भावांनी वाडा बिल्डरला द्यायचं ठरवलं. ठरवणं भागच होतं. दोन खण पडले होते, डागडुजीला कुणाकडे पैसा नव्हता आणि राहायला कुणीच जाणार नव्हतं. यावर माझी आजही तक्रार नाही.

वाडा उतरवायच्या आधी जुन्या लाकडाचा व्यापारी आला, तेव्हा मी तिथे होते. त्यानं खांब टेपनं मोजले. दिंडी दरवाजा ठोकून पाहिला. घंगाळ, तपेली, समया ओसरीवर आणून वजनकाट्यावर चढवल्या. काका आकडा मोठ्यानं म्हणायचे आणि धाकटे काका वहीत लिहायचे. मी म्हटलं, फडताळाची दारं मला हवीत. व्यापारी अगदी नम्रपणे म्हणाला, "ताई, लॉट झालाय ना सगळा." मी काकांकडे पाहिलं, काकांनी बाबांकडे. बाबा म्हणाले, "दोन खोल्यांत कुठे ठेवणार आहेस ती?" प्रश्न बरोबर होता. माझी पुण्यातली भाड्याची जागा खरोखर दोन खोल्यांची होती. माणसांनी पहारीनं चौकट सैल केली, दारं निघाली आणि भिंतीत एक चौकोनी भोक राहिलं. आत आजीच्या हातची खडूनं लिहिलेली दुधाची बेरीज. बेरजेचं कुणी काही दिलं नसतं, म्हणून ती राहिली.

पुढे बाबा इथे आले. ड्रेसर नुकतंच घेतलं होतं. जुनं अवजड फर्निचर इकडे आता कुणाला नको असतं, त्यामुळे नव्या जोडणीच्या कपाटापेक्षा ते स्वस्त पडलं. एका खणाच्या आत कुणीतरी चाकूनं दोन आद्याक्षरं कोरली आहेत. बाबांनी खण ओढला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लोकांच्या आजीचं फडताळ कशाला आणलंस घरात?"

"आपल्या आजीचं विकलंत म्हणून."

हे मी इतक्या पटकन म्हटलं की पाठ करून ठेवल्यासारखं वाटलं असेल. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौघांच्या सह्या लागत होत्या. माझी शेवटची होती." एवढंच. म्हणजे अडवता आलं असतं, की शेवटपर्यंत थांबून पाहिलं, की शेवटच्यानं अडवून काय होणार? मी विचारलं नाही. त्यांनी खण लावला आणि गुडघ्याचं मलम कुठे ठेवलंय ते विचारलं.

ही गोष्ट ऐकली की लोकांचे डोळे भरून येतात आणि ते म्हणतात, म्हणजे तू इथे वाडाच उभा करते आहेस! नाही हो. वाड्याचं माजघर अंधारं होतं. धुरानं आजीचे डोळे कायम लाल. महिन्याचे चार दिवस बायका ज्या खोलीत बसायच्या तिला खिडकी नव्हती. मला तो वाडा उभा करायचा नाही. बरं, कॉटेजचं तरी काय? ज्या खोलीत मी दिवा लावून वाचत बसते तिथे विणकराचं अख्खं कुटुंब ओलीत खोकत असणार. हेलन अलिंगहॅमनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरेमधल्या कॉटेजींची गोड चित्रं काढली, त्यांत दारात गुलाब आहेत, खोकला नाही. मॉरिस स्वतः कट्टर समाजवादी, पण त्याच्या कंपनीचे कागद आणि कापडं मजुराच्या घरात कधी पोचलीच नाहीत.

हे सगळं माहीत असून मला हे घर सुंदर दिसतं. का, ते हल्ली कळायला लागलंय. लोकांच्या आजीच्या फडताळात लोकांच्या आजीचे भोग असतात. ते मला ठाऊक नाहीत, म्हणून ते मला नुसतं सुंदर दिसू शकतं. पोपटांची दारं इथे असती तर रोज उघडताना मला सह्या आठवल्या असत्या, आणि ती बिनखिडकीची खोलीही.

मच्छलीपट्टणवाली मी यावर म्हणेल, हा पळपुटेपणा झाला. असेल. पण ती दारंसुद्धा आज मुंबईत कुणाच्या तरी दिवाणखान्यात असतील, आत वाइनचे ग्लास असतील, आणि त्या बाईला कुणी विचारत नसेल की तुमचं असं काहीच कसं नाही घरात.

मावशी म्हणाली, पुढच्या वेळी येताना समई घेऊन येते. आण म्हटलं. पण ड्रेसरवर नाही ठेवणार.