तलावाकाठची चाल

न्यूमोनियाने अकरा दिवस दवाखान्यात होते. घरी आले तेव्हा वजन सहा किलोने उतरलेलं आणि जिना चढताना मांड्या थरथरायच्या. नुसतं पडून राहिलं की स्नायू झपाट्याने झिजतात, असं फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या. म्हणून हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं सुरू केलं. आधी पाच वेळा, आता पंधरा.

सासूबाई मायेने रोज साजूक तुपातला शिरा करायच्या. महिन्यात चार किलो परत आले, पण सगळे पोटावर. पायांत ताकद नाहीच. मग शिरा बंद. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, ताक, दोन अंडी. शेंगा चटणी मात्र चमचाभर घेतेच, तिच्याशिवाय आम्हा सोलापूरकरांना जेवल्यासारखं वाटत नाही.

सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी चालते. किल्ल्याच्या तटापाशी दम लागायचा, बसावं लागायचं. काल न बसता परतले.