दंड : दहा हजार डोंग

याआधी आम्ही दोघंच असे कुठे गेलो होतो, तर सिंहगडावर. तेव्हा मोठी पोटात होती आणि मला पिठलं-भाकरीचे डोहाळे लागले होते. म्हणजे तेव्हाही खरं तर तिघंच. त्यानंतर जे काही फिरलो ते चार तिकिटं, दोन पाण्याच्या बाटल्या, एक उलटीची पिशवी आणि ‘अजून किती वेळ?’ या पार्श्वसंगीतावर.

फेब्रुवारीत लग्नाला पंधरा वर्षं झाली. सासूबाईच म्हणाल्या, “जाऊन या दोघं. फक्त परीक्षेच्या आत परत या.” नवऱ्याने लगेच व्हिएतनाम काढलं. ई-व्हिसा पंचवीस डॉलरमध्ये, मुंबईहून थेट विमान, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास पुढे. रोज रात्री मुलांच्या झोपायच्या वेळी फोन करता येणार.

निघायच्या आदल्या रात्री मी फ्रिजवर दोन पानी यादी चिकटवली. डबा, क्लास, कोणत्या दिवशी कोणते बूट, धाकट्याचं खोकल्याचं औषध. सासूबाईंनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि म्हणाल्या, “मी पण दोन वाढवलेत गं. त्यातलाच एक तू घेऊन चालली आहेस.”

दंडाची कल्पना नवऱ्याची. एक्सप्रेस वेवरच्या फूड मॉलला वडा खाताना मी धाकट्याच्या विज्ञान प्रकल्पाबद्दल बोलायला लागले, तर तो म्हणाला, “आजपासून मुलांचा विषय काढणाऱ्याला दंड. दर वेळी दहा हजार.” मला ठसकाच लागला. मग त्याने सांगितलं, दहा हजार डोंग. आपले तीस-पस्तीस रुपये. रात्रीचा फोन मात्र माफ.

हनोईला उतरून पैसे बदलले आणि दहा हजार रुपयांचे जवळपास तीस लाख हातात आले. तिथल्या नोटांबद्दल एक सांगून ठेवते: वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखाचीही निळी. पहिल्याच दिवशी रताळ्याच्या भज्यांच्या गाडीवर मी पाच लाखाची नोट देऊन चालू लागले. ती बाई भर गर्दीतून माझ्यामागे धावत आली, नोट परत दिली आणि मला तिच्या भाषेत भरपूर झापलं. शब्द कळले नाहीत, पण सूर अगदी तुळशीबागेतला होता.

रस्ता ओलांडणं हा हनोईतला खरा कार्यक्रम. आम्ही पुण्याचे, दुचाक्यांना भिणारे नाही. पण आपली पद्धत म्हणजे थांबायचं, अंदाज घ्यायचा आणि सुसाट पळायचं. तिथे हे चालत नाही. तिथे एका संथ चालीने सरळ चालत राहायचं, थांबायचं नाही, पळायचं नाही, गाड्या तुमच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारख्या वाहत जातात. होआन कीएम तळ्यापाशी आम्ही कडेला उभे होतो आणि माझा उजवा हात आपोआप मागे गेला, बोटं पसरून. धाकट्यासाठी. ही सवय इतकी मुरली आहे की ऑफिसला एकटी जातानाही तो हात जातो. मागे नवरा होता. त्याने हात धरला आणि म्हणाला, “हा धरला तर दंड बसतो का?”

जुन्या हनोईत बऱ्याच गल्ल्यांना तिथे जे विकलं जायचं त्याचं नाव आहे. ‘हांग’ म्हणजे माल, पुढे त्या मालाचं नाव. चांदीची गल्ली, कागदी वस्तूंची गल्ली, पत्र्याची गल्ली. त्या पत्र्याच्या गल्लीत अजून ठोकाठोक चालते. नवऱ्याचं लहानपण कसबा पेठेत गेलेलं. तो तिथे फुटपाथवर उभा राहून डोळे मिटून ऐकत होता आणि म्हणाला, “तांबट आळी.” भुरभुर पाऊस, स्वेटरची थंडी आणि पत्र्याचा ठणठणाट. मला भूक लागली होती, पण मी त्याला पाच मिनिटं तसंच राहू दिलं.

खाण्याचं म्हणाल तर मी अंडं खाते, मासे-मटण नाही. नवऱ्याला सगळं चालतं. मासळीचा सॉस तिथे भाजीतही असतो, त्यामुळे आधी विचारून घ्यावं लागतं. शाकाहारीला शब्द आहे ‘आन चाय’. दर वेळी वाटायचं, मी कुणाला तरी चहा आणायला सांगतेय. अंड्याची कॉफी मात्र चुकवू नका. १९४६च्या सुमारास हनोईत दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या एकाने पिवळा बलक साखरेबरोबर घुसळून कॉफीवर घातला. ती कडू रोबस्टा आणि वर श्रीखंडाच्या चक्क्यासारखा दाट गोड फेस. मी म्हणाले, “मोठीला हे फार आवडेल.” दहा हजार.

हनोईहून दानांगला विमानाने दीड तासाच्या आत पोचता येतं. आम्ही रात्रीची आगगाडी घेतली, ७९१ किलोमीटर, सोळा-सतरा तास. चार जणांचा डबा. वरच्या बर्थवर एक आजी आणि तिचा चारेक वर्षांचा नातू. सकाळी त्याला भाकरवडी दिली, त्याने ती पूर्ण संपवली आणि मग अर्धी बाटली पाणी प्यायला. परक्याचं मूल दंडात धरायचं नाही, असं एकमताने ठरलं. ह्युएला आजी-नातू उतरले आणि डबा आमचाच झाला.

ह्युएनंतर हाय व्हान घाट लागतो. नावाचा अर्थ समुद्र आणि ढग. खंडाळ्याच्या घाटात दरी असते ना, तिथे दरीच्या जागी समुद्र आहे असं समजा. गाडी अगदी हळू, वळणावर पुढचं इंजिन दिसतं, डावीकडे खाली दगडांवर फुटणारं पाणी. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्याने विचारलं, “तू गाणं का सोडलंस?”

मी लग्नाआधी सात वर्षं शिकत होते, नंतरही दोन वर्षं. माझं उत्तर पाठ आहे, सगळ्यांना तेच सांगते: मोठी झाली, मग वेळच मिळेना. तोंड उघडलं आणि लक्षात आलं की दंड बसणार. तेवढ्या थांबण्यात खरं ते बाहेर आलं. म्हटलं, “कंटाळा आला होता. ती व्हायच्या सहा महिने आधीच आला होता. तिच्यावर ढकललं, कारण मग कुणी पुढे विचारत नाही.”

तो खिडकीबाहेर बघत होता. “मला वाटायचं मी पुरेशी मदत केली नाही म्हणून सोडलंस,” तो म्हणाला. बारा वर्षं हा माणूस हे मनात ठेवून भांडी घासतोय! मला हसू आलं, मग थोडं रडूही. शेवटी प्रश्न उरला, ‘ती’ म्हटलं ते धरायचं का. त्याने दंड माफ केला.

दानांगजवळचं होई आन म्हणजे कंदिलांचं आणि शिंप्यांचं गाव. तिथला छत असलेला जुना जपानी पूल त्या वीस हजाराच्या निळ्या नोटेवरही आहे. मी नोट हातात घेऊन पुलासमोर उभी राहिले, या वेळी नीट बघून. शिंपी एका दिवसात कपडे शिवून देतात. नवऱ्याला शर्ट टाकले आणि मला मोठीसाठी तिथला लांब ‘आओ जाय’ शिवायचा मोह झाला. तीस हजार लगेच भरून टाकले, म्हटलं चर्चा होणारच. शिंपीणबाईंनी विचारलं, उंची? मी माझ्या खांद्यापाशी हात धरला, त्याने त्याच्या छातीपाशी. दोन्हींत चार इंचांचा फरक. बारा वर्षं रोज बघतोय तिला! शेवटी घरी फोन लावला. पुण्यात सकाळचे साडेसात, शाळेची गडबड. सासऱ्यांनी सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून मापं घेतली, एकेक आकडा दोनदा ओरडून सांगितला. मागून सासूबाई: “वाढतं अंग आहे, दोन इंच जास्त ठेवा म्हणावं!” ते इंग्रजीत कसं सांगायचं यावर आम्ही हातवारे करत राहिलो. शिंपीणबाई मात्र आधीच हसत मान हलवत होत्या.

दुसऱ्या दिवशी तासाभरावरच्या मी सनला गेलो. चारही बाजूंनी डोंगर आणि मधे विटांची शिवमंदिरं. चौथ्या ते तेराव्या शतकापर्यंत चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी ती बांधली. भद्रवर्मन राजाने स्थापलेल्या शिवाचं नाव भद्रेश्वर, आणि शिलालेख संस्कृतात. विटांमध्ये चुना दिसत नाही, सांध्यात नखही जात नाही. १९६९मध्ये अमेरिकी बाँबहल्ल्यात सगळ्यात मोठं मंदिर गेलं. तिथे आता विटांचा ढीग आहे. आपलं पुरातत्त्व खातं इथे डागडुजी करतं, आणि २०२०मध्ये काम चालू असताना त्यांना एक अखंड दगडी शिवलिंग मिळालं. नवऱ्याने नकळत चपला काढल्या. पहारेकऱ्याने खुणेने सांगितलं, घाला, मुंग्या आहेत.

त्या रात्री चांद्र महिन्याची चौदावी तिथी, आपली शुद्ध चतुर्दशी. जुन्या गावातले विजेचे दिवे बंद करतात आणि नदीवर कागदी दिवे सोडतात. दंडाचं पाकीट उघडलं: माझे दोन लाख तीस हजार, त्याचे एक लाख दहा. म्हणजे मी त्याच्या दुपटीहून जास्त आई आहे, असं मी म्हटलं. तो म्हणाला, फक्त दुपटीहून जास्त बोलतेस. त्यातूनच होडी केली आणि दिवे घेतले. गर्दी भयंकर होती, होड्या एकमेकींवर आपटत होत्या, माझा दिवा पहिल्याच लाटेत विझला. त्याचा बराच लांब गेला.

घरी पोचलो तेव्हा मुलं शाळेतून यायची होती. फ्रिजवरची माझी यादी तशीच होती, फक्त तिच्यावर सासूबाईंनी दुधाचा हिशेब लिहिला होता. संध्याकाळी मोठीने आओ जाय घातला. बाह्या बोटांच्या खाली, खांदे उतरलेले, कंबर कुठल्या कुठे. मी सासऱ्यांकडे पाहिलं.

“सकाळी थंडी होती गं,” ते म्हणाले. “स्वेटरवरूनच घेतलं माप.”

“बरं झालं,” सासूबाई म्हणाल्या, “दोन वर्षं येईल.”