तुम्ही विचारलंत म्हणून : मॉरिशससारख्या एवढ्याशा बेटावर न्यायाधीश येतात कुठून?

मुंबईत परदेशी गुंतवणुकीचे करारनामे तपासणं हा माझा धंदा. त्या करारनाम्यांच्या शेवटी एक कलम हमखास असतं: भांडण झालंच तर कुठल्या कोर्टात जायचं. भारत-मॉरिशस कर-करारामुळे (१९८२ चा, २०१६ मध्ये त्यात मोठा बदल झाला, तरी त्याच्या आधारे तिथे उघडलेल्या कंपन्या आहेतच) तिथे पुष्कळदा मॉरिशसच्या सुप्रीम कोर्टाचं नाव असतं. ते वाचलं की पक्षकार विचारतात, "मॅडम, तिथे जज कोण असतं हो? इंग्लंडहून पाठवतात का?" कायद्याचे विद्यार्थी तोच प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेने विचारतात. आणि एक शंका बहुतेकांच्या मनात असते, पण उघड कमीच जण बोलतात: एवढ्या लहान जागी प्रत्येक जण प्रत्येकाचा मेहुणा किंवा साडू असणार, मग न्याय कसला?

लहान म्हणजे किती, ते आधी सांगते. क्षेत्रफळ गोव्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. गोव्याशी तुलना मुद्दाम केली, कारण साम्य आकारापुरतं नाही. गोव्यात विवाहाच्या बाबतीत पोर्तुगीज दिवाणी संहिता अजून चालते, तशी मॉरिशसमध्ये फ्रेंच संहिता चालते. फरक असा की गोव्याच्या पाठीशी मुंबई उच्च न्यायालय आहे. न्यायमूर्ती मुंबईहून, नागपूरहून, औरंगाबादहून येतात, काही काळ बसतात आणि बदलून जातात. मॉरिशसच्या पाठीशी असं मोठं कोर्ट नाही. न्यायाधीश घरीच घडवावे लागतात.

आता सरळ उत्तर: बहुतेक न्यायाधीश सरकारी कायदा-सेवेतून येतात. आपल्याकडे उच्च न्यायालयातले बरेचसे न्यायमूर्ती वकिलीतून थेट वर जातात. तिथे तसं क्वचित. हुशार पोरगं बारावीच्या तोडीची केंब्रिजची परीक्षा देतं. पहिल्या काही क्रमांकांना सरकारी शिष्यवृत्ती मिळते, त्यांना तिथे 'लॉरिएट' म्हणतात आणि त्यांची नावं गावभर होतात. मग इंग्लंडला किंवा फ्रान्सला कायद्याचं शिक्षण, पुष्कळदा दोन्हीकडे. परत येऊन बॅरिस्टर म्हणून नोंद, थोडी वकिली, आणि मग सेवेत शिरणं: एक तर जिल्हा कोर्टातला मॅजिस्ट्रेट, नाहीतर अॅटर्नी जनरलच्या कार्यालयात सरकारी वकील. तिथून पायऱ्या चढायच्या. मधल्या टप्प्यावर इंटरमीजिएट कोर्ट असतं. २०२० च्या जुलैमध्ये 'वाकाशिओ' जहाज प्रवाळावर चढलं आणि पुढच्या महिन्यात समुद्रात तेल सांडलं, तेव्हा त्याच्या भारतीय कप्तानावरचा खटला याच कोर्टात चालला आणि २०२१ च्या डिसेंबरात त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. पुढे मास्टर अँड रजिस्ट्रार (सुप्रीम कोर्टाचा मुख्य अधिकारी), मग प्यूनी जज (म्हणजे सुप्रीम कोर्टाचा साधा न्यायाधीश), मग सीनियर प्यूनी जज, आणि वय साथ देत असेल तर सरन्यायाधीश.

घटनेच्या ७७व्या कलमात पात्रतेची अट साधी आहे: सुप्रीम कोर्टात वकिली करायला पात्र असलेला, किमान पाच वर्षं जुना बॅरिस्टर. म्हणजे खाजगी वकिलीतल्या माणसाला दार बंद नाही. पण रांगेत वीस-पंचवीस वर्षं उभे असलेले लोक दिसतात, आणि चांगली वकिली सोडून त्या रांगेत घुसायची हौस कितीजणांना असणार?

या न्यायाधीशांचं खरं कसब भाषेत आणि कायद्यात आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. १८१० मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून बेट घेतलं तेव्हा शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे आणि रीतिरिवाज कायम ठेवायचं वचन दिलं. म्हणून नेपोलियनची फ्रेंच दिवाणी संहिता राहिली. वर हळूहळू इंग्रजी व्यवस्था चढत गेली: पुराव्याचा कायदा, फौजदारी कामकाजाची रीत, नंतर घटना आणि कंपनी कायदा. परिणाम असा की सकाळी एखादा न्यायाधीश अपघाताच्या भरपाईचा दावा ऐकतो, तो फ्रेंच संहितेच्या १३८२व्या कलमाखाली, आणि त्यासाठी पॅरिसच्या कूर द कासास्यॉंचे, म्हणजे फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाचे, निवाडे आणि दालोझ या फ्रेंच प्रकाशनाचे कायद्याचे ग्रंथ काढतो. दुपारी मूलभूत हक्कांचा अर्ज येतो, तेव्हा निवाडे लंडनचे, कधी दिल्लीचे, कधी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार कोर्टाचे. निकाल इंग्रजीत लिहायचा, कारण वरच्या कोर्टाची भाषा इंग्रजी. साक्षीदार बोलतो क्रिओल या बेटावरच्या बोलीत. वकील मध्येच फ्रेंच उतारा वाचतो, त्याचं भाषांतर कोणी करत नाही आणि कोणी मागतही नाही. बाहेरून एखादा कितीही नावाजलेला न्यायाधीश आणून बसवला तरी तो इथे पहिली काही वर्षं चाचपडेल. पक्षकारांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यांना वाटत असतं की बेटावरचं कोर्ट म्हणजे तालुक्याचं कोर्ट.

मेहुण्या-साडूंच्या शंकेला मात्र इतिहास आहे. १८३२ मध्ये लंडनने जॉन जेरेमी नावाचा गुलामगिरीविरोधी सरकारी वकील तिथे पाठवला. साखरेच्या मळेवाल्यांनी, ज्यांचा पुढारी आद्रियां देपिने स्वतः वकील होता, दुकानं बंद करून अख्खं बेट थांबवलं आणि त्याला परत पाठवायला लावलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला आणि त्याने थेट न्यायाधीशांवरच बोट ठेवलं: हे स्वतः गुलामांचे मालक किंवा मालकांचे नातलग, हे गुलामांच्या बाजूने निकाल काय देणार? त्या वेळीही टिकला नाही. गुलामगिरी गेली १८३५ मध्ये, मालकांना वीस लाख पौंडांहून जास्त भरपाई मिळाली. देपिनेचा पुतळा पोर्ट लुईच्या कंपनी बागेत आजही आहे.

मळ्यांवर मग करारबद्ध मजूर आले, त्यात आपल्या कोकणातलेही. त्यांच्या बाजूने कोर्टात उभं राहायला माणूस मिळायला १९०७ साल उजाडलं. गांधीजींच्या सांगण्यावरून बडोद्याचे बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर गेले. कोर्टात पगडी उतरवायला सांगितली गेली तेव्हा त्यांनी नकार दिला, ती गोष्ट तिथल्या भारतीय वंशाच्या घरांत अजून सांगतात. तिथून साठच्या दशकात रामपरसाद नीरंजन सरन्यायाधीश होईपर्यंतचं अंतर वर्षांत मोजलं तर पन्नास-साठ वर्षांचं आहे. स्वातंत्र्य १९६८ मधलं. त्यानंतरच्या सरन्यायाधीशांची यादी वाचली तरी बेटाची वस्ती डोळ्यांपुढे येते: रिवालां, गॅरिओक, मुल्लन, ग्लोव्हर, लाला, पिल्ले, चिनी वंशाचे युंग सिक युएन, मातादीन, बालांसी, कोन्ये. २०२१ च्या नोव्हेंबरात रेहाना मंगली-गुलबुल आल्या, या पदावरच्या पहिल्या स्त्री.

"मराठी कोण आहे त्यात?" हाही ठरलेला प्रश्न. आडनावावरून ओळखायला जाऊ नका. आप्रवासी घाटावर, म्हणजे मजुरांच्या पोर्ट लुईमधल्या धक्क्यावर, उतरलेल्या माणसाचं पाळण्यातलं नाव कारकुनाने लिहून घेतलं आणि तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. त्यावरून जिल्हाच काय, भाषाही सांगता येत नाही.

आता माझं मत. नात्यागोत्याची भीती मला फारशी वाटत नाही. लहान जागी नातं लपत नाही; न्यायाधीशाचा भाचा कुठल्या कंपनीत आहे हे समोरच्या वकिलाला आधीच माहीत असतं, आणि न्यायाधीश प्रकरणातून बाजूला होतो. मला खटकतं ते दुसरंच. मॅजिस्ट्रेट आणि सरकारी वकील, दोघांच्याही नेमणुका एकाच आयोगाकडे, ज्युडिशियल अँड लीगल सर्व्हिस कमिशनकडे. त्याचे अध्यक्ष सरन्यायाधीश. एकच माणूस आयुष्याची काही वर्षं सरकारला सल्ला देतो, काही वर्षं खुर्चीवर बसून सरकारविरुद्धचे अर्ज ऐकतो. अप्रामाणिक होतो असं मी म्हणत नाही. पण सरकारच्या नजरेतून फाइल वाचायची सवय एकदा लागली की ती झगा बदलल्याने सुटत नाही. खाजगी वकिलीत पोळलेली, पोलीस ठाण्याच्या बाकावर अशिलाबरोबर रात्र काढलेली चार-दोन माणसं त्या बेंचवर असायला हवीत.

शिवाय अपिलाची गोष्ट. सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायाधीशाने दिलेला निकाल तपासतात त्याच कोर्टाचे दुसरे दोन-तीन न्यायाधीश. दिवाणी अपील कोर्ट आणि फौजदारी अपील कोर्ट अशी नावं वेगळी, माणसं तीच. ब्रिटिश कायदेपंडित लॉर्ड मॅकाय यांच्या आयोगाने १९९८ मध्ये वेगळं अपील कोर्ट करा म्हणून सांगितलं होतं.

तरीही हे न्यायाधीश सरकारधार्जिणे आहेत असं म्हणायला निकाल आडवे येतात. २०१५ मध्ये, म्हणजे आपल्या आधार निकालाच्या तीन वर्षं आधी, ओळखपत्रासाठी घेतलेले बोटांचे ठसे साठवून ठेवणं त्यांनी घटनाबाह्य ठरवलं. २०२३ च्या ऑक्टोबरात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, १८३८ च्या दंडसंहितेतलं कलम त्यांनी मोडीत काढलं.

आणि शेवटचा शब्द बेटावर नसतोच. तो लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे काही जुन्या इंग्रजी वसाहतींची शेवटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायसभेकडे. देश १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाला, ही वाट मात्र जाणूनबुजून उघडी ठेवली. आपल्याकडे हे ऐकून लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. बेटावरच्या कोणाशीही ज्याचं जेवणखाण नाही असा वाचक निकालाला मिळतो. परदेशी कंपन्या करारात मॉरिशस लिहितात त्याचं हे एक मोठं कारण आहे. २००८ मध्ये तर प्रिव्ही कौन्सिल स्वतः मॉरिशसला येऊन बसली. आपली अपिलंही १९४९ पर्यंत तिकडेच जात होती, आणि त्या बेंचवर एक मराठी माणूस बसलेला आहे: मुकुंदराव जयकर, १९३९ ते १९४२.

सेवाज्येष्ठतेचा एक तोटा मात्र उघड दिसतो. निवृत्तीचं वय सदुसष्ट, आणि रांगेतून पुढे सरकता सरकता सरन्यायाधीशपदी पोचेपर्यंत माणूस पासष्टीत गेलेला असतो. २०१९ ते २०२१ या काळात बालांसी, कोन्ये आणि मंगली-गुलबुल असे तीन सरन्यायाधीश झाले. एवढ्या अवधीत कोणी काय सुधारणा करणार? बालांसींच्या वाट्याला तर २०१९ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष ही दोन्ही पदं रिकामी असल्याने काही दिवस राष्ट्राध्यक्षांचं कामही आलं.

निवृत्तीनंतर, किंवा आधीच, यातले बरेच बाहेर पडतात. राजसूमेर लाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीवर दीर्घकाळ होते आणि म्यानमारसाठी विशेष प्रतिनिधीही. पिल्ले आर्थिक-सामाजिक हक्कांच्या समितीवर. विनोद बुलेल नैरोबीला संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचारी न्यायाधिकरणावर. सत्यभूषण दोमा सेशेल्सच्या अपील कोर्टात, कारण सेशेल्सलाही फ्रेंच-इंग्रजी दुहेरी कायदा. १९०३ पर्यंत ते मॉरिशसच्याच कारभाराखाली होतं.

राहिला विद्यार्थ्यांचा प्रश्न: "आपल्याला तिथे जज होता येईल का?" भारतीय सनद घेऊन नाही, आणि फ्रेंचशिवाय तर नाहीच. पोर्ट लुईची सुप्रीम कोर्टाची नवी इमारत भारताच्या अनुदानातून झाली आहे, २०२० च्या जुलैमध्ये दोन्ही पंतप्रधानांनी दूरदृश्य पद्धतीने उद्घाटन केलं. पण त्याने पात्रता मिळत नाही. बाहेरचे न्यायाधीश घेणारी बेटं दुसरी आहेत. सेशेल्सने युगांडाचे एगोंडा-न्तेंडे सरन्यायाधीश म्हणून आणले होते. पॅसिफिकमधल्या लहान देशांत तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे न्यायाधीश सर्रास असतात. पण तिथे जायच्या आधी दोन प्रकरणं वाचा. नाउरूने २०१४ मध्ये आपल्या मॅजिस्ट्रेटला देशाबाहेर काढलं आणि ती हकालपट्टी अडवायला निघालेल्या सरन्यायाधीशांचा व्हिसाच रद्द केला. ते मेलबर्नहून परत येऊ शकले नाहीत. किरिबातीने २०२२ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश लॅम्बोर्न यांना विमानात बसवायचा प्रयत्न केला, सरन्यायाधीशांना निलंबित केलं, आणि लॅम्बोर्नना सोडा म्हणणाऱ्या अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनाही. मॉरिशसच्या न्यायाधीशाचा व्हिसा कोणी रद्द करू शकत नाही, कारण त्याला तो लागतच नाही.