सॉसेजच्या आकाराचा सोफा

सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली होती. एका हातात बटाटावडा, दुसऱ्या हातात तळलेली मिरची, नाकातोंडात धूळ, अशा अवस्थेत भाच्याने मोबाइल पुढे धरला. फोटोत सॉसेजच्या आकाराचा लांबलचक सोफा होता. "मामा, बर्लिनमध्ये गाड्यावरच्या खाण्याचं संग्रहालय होतं बघ. तिथला आहे."

खाणं म्हणजे करीवुर्स्ट. तळलेल्या सॉसेजचे तुकडे, वर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर. ४ सप्टेंबर १९४९ रोजी हर्टा ह्यूवर नावाच्या बाईने बर्लिनमधल्या आपल्या टपरीवर ते पहिल्यांदा केलं, असं मानतात. हॅम्बुर्गवाल्यांना हे कबूल नाही. (पहिला कुणी केला यावर भांडण नसेल, तर तो पदार्थ कसला!) युद्धाने शहराची माती झालेली, आणि मसाला म्हणे मिळाला इंग्रज सैनिकांकडून. आपल्याकडची चव साहेबाने डबाबंद केली, ती कुठे जाऊन सांडली पाहा. पुढे १९५९ मध्ये बाईंनी सॉसचं 'चिलअप' हे नाव रीतसर नोंदवून घेतलं, पण कृती कुणाला दिली नाही.

इथे मात्र मला बाई एकदम घरच्या वाटल्या. आमच्या मावशीला शेंगाचटणी कशी करतेस विचारलं, तर "कुटायची, दुसरं काय?" एवढंच सांगते. कुटायला बसताना स्वयंपाकघराचं दार तेवढं लोटून घेते.

संग्रहालय उघडलं २००९ मध्ये. मसाल्यांचे वास घ्यायची सोय होती, खोट्या गाड्यावर उभं राहून विक्रेता होता येत होतं. आपल्या सोलापुरात असं काढलं तर? काचेमागे ठेवायला मी आधी भज्यांचा कागद सुचवला. लहानपणी मी त्यावर बातम्या वाचायचो. अर्धी वाचून व्हायची, उरलेली तेलात. मग काळी पडलेली कढई, झारा, 'आज रोख उद्या उधार'ची पाटी. गिरणीचा भोंगाही हवाच. पाळी सुटल्यावर गाड्यावर जी झुंबड उडायची, ती त्याच्याशिवाय कशी कळणार? पण पहिला मान सातरस्त्याच्या वड्याला की नवी पेठेतल्या, यावर समितीची पहिली बैठकच मोडली असती.

"आता बंद झालंय ते," भाचा म्हणाला. "२०१८ च्या डिसेंबरात."

"आणि करीवुर्स्ट?"

"ते मिळतंय की, गल्लोगल्ली."

मी दुसरा वडा मागितला. भाचा अजून फोटोतच होता. "सोफ्याचं काय केलं असेल रे मामा?"

वडेवाल्याने घाणा काढता काढता मान वळवली. "हिकडं द्या म्हणावं मालक. गिऱ्हाईक उभारून उभारून दमतंय."